बाँबे रक्तगट

तांबड्या रक्तकोशिकांच्या पृष्ठभागावर ए, बी व एच यांपैकी एकही प्रतिजन (ज्याच्याविरुद्ध शरीर प्रतिकारक द्रव्य तयार करू शकते असा पदार्थ) नसणे आणि रक्तरसात या तिन्हींविरुद्ध प्रतिपिंडे (प्रतिकारक प्रथिने) असणे, ही लक्षणे असलेला एक दुर्मिळ मानवी रक्तगट. मुंबईतील परळ येथे त्याचा शोध लागला व तेथील निष्कर्ष १९५२ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणून या गटाला जगभर ‘बाँबे’ हे नाव मिळाले. शहराचे इंग्रजी नाव पुढे बदलले, तरी शास्त्रीय परिभाषेत हे नाव कायम राहिले आहे. भारताबाहेर हा गट फारच विरळा असून यूरोपीय लोकांत त्याचे प्रमाण दहा लाखांत सुमारे एक असे सांगितले जाते. रक्ताधानाच्या (रुग्णाला दुसऱ्याचे रक्त देण्याच्या) दृष्टीने त्याला महत्त्व आहेच. शिवाय प्रथिनाची संरचना व त्याचे कार्य यांचा संबंध किती घनिष्ठ असतो, याचेही ते एक बोलके उदाहरण आहे. ३६५ ॲमिनो अम्लांनी बनलेल्या एका प्रथिनातील एकच ॲमिनो अम्ल बदलले, म्हणजे रक्तकोशिकेचे सर्व बाह्यरूप पालटते आणि त्या व्यक्तीला इतर कोणत्याही गटाचे रक्त चालेनासे होते.

शोधापूर्वीची स्थिती : कार्ल लँडस्टायनर यांनी व्हिएन्ना येथे १९००–०१ मध्ये केलेल्या प्रयोगांवरून मानवी रक्ताचे गट असतात हे प्रथम कळले. एका व्यक्तीचा रक्तरस दुसऱ्या व्यक्तीच्या तांबड्या कोशिकांत मिसळला असता काही वेळा कोशिकांचे पुंजके होतात. या क्रियेला समूहन म्हणतात. त्यावरून ए, बी व ओ हे गट ठरविण्यात आले व १९०२ मध्ये एबी हा चौथा गट त्यांत समाविष्ट झाला. हे गट आनुवंशिक असून एकाच स्थानावरील तीन पर्यायी जीनांमुळे (आनुवंशिक घटकांमुळे) ठरतात, असे फेलिक्स बर्नस्टाइन यांनी १९२४ मध्ये दाखविले.

या मांडणीत ओ हा ‘काहीच नसलेला’ गट समजला जाई. तथापि ओ गटाच्या कोशिकांवरही एक प्रतिजन असतो, हे नंतर लक्षात आले. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधील डब्ल्यू. टी. जे. मॉर्गन व विनिफ्रेड वॉटकिन्स यांनी १९४८ च्या सुमारास त्याला ‘एच’ हे नाव सुचविले. ओ गटाच्या कोशिकांवर तो सर्वांत अधिक असतो आणि ए, बी व एबी गटांच्या कोशिकांवरही कमीअधिक प्रमाणात आढळतो. त्यामुळे एच प्रतिजन हा सर्व माणसांत असतो, अशी समजूत रूढ होत होती. तिला पहिला अपवाद परळला सापडला.

परळ येथील शोध : सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय व त्याला जोडलेले किंग एडवर्ड मेमोरियल (केईएम) रुग्णालय ही मुंबई महानगरपालिकेची संस्था १९२६ मध्ये सुरू झाली. परळ, लालबाग, दादर, माहीम या दाट वस्तीच्या भागांतील गिरणी कामगार, रेल्वे कर्मचारी व त्यांची कुटुंबे यांचा या रुग्णालयावर मोठा भार होता. या वस्तीतील पुष्कळ लोक रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर इ. जिल्ह्यांतून आलेले होते. वेगवेगळ्या गावांतील व जातींतील माणसांच्या रक्ताची एकाच ठिकाणी तपासणी होत असल्यामुळे एरवी नजरेआड राहिले असते असे दुर्मिळ नमुने येथे उजेडात येण्याचा संभव अधिक होता.

या संस्थेतील डॉ. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे व एच. एम. भाटिया यांना तीन व्यक्तींच्या रक्तात एक विसंगती आढळली. त्यांच्या तांबड्या कोशिकांवर ए-विरोधी वा बी-विरोधी रक्तरसाचा परिणाम होत नव्हता. म्हणजे नेहमीच्या पद्धतीने त्यांचा गट ओ ठरला असता. पण त्यांच्या रक्तरसाने ए व बी गटांच्या कोशिकांबरोबरच ओ गटाच्या कोशिकांचेही समूहन होत होते. ओ गटाच्या माणसाच्या रक्तरसाने ओ गटाच्या कोशिकांचे समूहन व्हावे, ही गोष्ट प्रचलित उपपत्तीत बसणारी नव्हती. पुढील तपासणीत लंडन येथील रॉबर्ट रेस, रूथ सँगर, मॉर्गन व वॉटकिन्स यांचा सहभाग लाभला. या तिघांच्या कोशिकांवर एच प्रतिजनच नाही व त्यामुळे त्यांच्या रक्तरसात एच-विरोधी प्रतिपिंड आहे, असे निष्पन्न झाले. या सातही संशोधकांच्या नावांनी हा शोध १९५२ मध्ये द लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

या शोधामागे कोणतेही खर्चिक उपकरण नव्हते. काचपट्टी, परीक्षानलिका व माहीत असलेल्या गटांचे रक्तनमुने एवढीच सामग्री होती. ‘ओ गट’ अशी नोंद करून प्रकरण संपविण्याऐवजी विसंगत निकालाचा पाठपुरावा करण्यात आला, हे या कामाचे वैशिष्ट्य होय.

दडलेला जीन : एच प्रतिजन नसणे हा ए-बी-ओ जीनांचाच एखादा प्रकार आहे की ती वेगळी बाब आहे, हा प्रश्न प्रारंभी अनिर्णीत होता. अमेरिकेतील फिलिप लेव्हीन व त्यांचे सहकारी यांनी १९५५ मध्ये एका इटालियन वंशाच्या कुटुंबाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातील एका स्त्रीचे रक्त मुंबईच्या नमुन्यांसारखे होते. तिच्या कोशिकांवर बी प्रतिजन नव्हता. पण बी गटाचा जीन तिच्याकडून तिच्या अपत्याकडे गेलेला होता व तेथे तो नीट प्रकट झाला होता. याचा अर्थ असा की, तिच्या ठायी बी जीन होता. फक्त त्याला काम करण्यास वाव नव्हता. एच प्रतिजन हा दुसऱ्याच, स्वतंत्र जीनावर अवलंबून असतो आणि तो नसेल, तर ए व बी जीनांचे कार्य दिसून येत नाही, हे यावरून स्पष्ट झाले. ‘बाँबे’ हे नावही याच सुमारास रूढ झाले.

रासायनिक स्वरूप : जीनांच्या सूचनेनुसार कोशिकेत प्रथिने तयार होतात. पण मॉर्गन, वॉटकिन्स व इतर संशोधक यांनी केलेल्या रासायनिक पृथक्करणात ए, बी व एच या प्रतिजनांचे वेगळेपण प्रथिनांत नसून शर्करांत असल्याचे आढळले. कोशिकेच्या पृष्ठभागावर शर्करांच्या लहानमोठ्या साखळ्या असतात. साखळीच्या टोकाच्या गॅलॅक्टोजाला फ्युकोज ही शर्करा जोडली गेली, की एच प्रतिजन तयार होतो. त्याच गॅलॅक्टोजावर पुढे ॲसिटिल गॅलॅक्टोसामाइन जोडले गेले, तर ए प्रतिजन बनतो; त्याऐवजी दुसरे गॅलॅक्टोज जोडले गेले, तर बी प्रतिजन बनतो. काहीच जोडले गेले नाही, तर एच तसाच राहतो व तो गट ओ ठरतो.

म्हणजे जीन व शर्करा यांच्यामध्ये एक दुवा असला पाहिजे. हा दुवा म्हणजे एंझाइम (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणणारे प्रथिन) होय. प्रत्येक शर्करा तिच्या ठराविक जागी बसविणारे वेगळे एंझाइम असते. वॉटकिन्स व मॉर्गन यांनी या प्रतिजनांच्या निर्मितीचा क्रम १९५९ मध्ये मांडला. त्यात बाँबे रक्तगटाचा आधार मोलाचा ठरला. कारण पहिली पायरीच नसेल, तर पुढच्या पायऱ्या निष्फळ होतात, हे त्या गटाने प्रत्यक्ष दाखवून दिले होते. फ्युकोज बसविणारे एंझाइम, म्हणजे फ्युकोसिल ट्रान्स्फरेज, इतरांच्या रक्तरसात असते व बाँबे गटाच्या व्यक्तींच्या रक्तरसात नसते, हे १९७२ मध्ये दाखविण्यात आले.

प्रथिनाची घडण : एंझाइम आपले काम कसे करते, हे समजण्यासाठी त्याची घडण पाहणे आवश्यक आहे. प्रथिन ही मूलतः वीस प्रकारच्या ॲमिनो अम्लांची माळ असते. माळेतील क्रम ठरलेला असतो, हे इन्शुलिनाच्या ५१ ॲमिनो अम्लांचा पूर्ण क्रम १९५५ पर्यंत उलगडून फ्रेडरिक सँगर यांनी सिद्ध केले. ही माळ सरळ राहत नाही. ती वळते, मुडपते व तिची विशिष्ट आकाराची गुंडाळी होते. पाण्याशी न मिसळणारी ॲमिनो अम्ले बहुधा आत दडतात व विद्युत्‌भारित ॲमिनो अम्ले बहुधा बाहेरच्या बाजूस राहतात. रिबोन्यूक्लिएज या १२४ ॲमिनो अम्लांच्या एंझाइमाची गुंडाळी उलगडली, तरी योग्य परिस्थितीत ते पुन्हा आपोआप मूळ आकार घेते व कामास लागते, असे क्रिश्चन ॲन्फिन्सन यांनी दाखविले. या कार्यासाठी त्यांना १९७२ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. क्रमावरून आकार व आकारावरून कार्य ठरते, असा याचा इत्यर्थ आहे. एंझाइमाच्या गुंडाळीत एक खोबण असते. ज्या रेणूवर काम करावयाचे तो त्या खोबणीत नेमका बसावा लागतो.

ए व बी गटांची एंझाइमे हे याचे उत्तम उदाहरण आहे. सिॲटल येथे काम करणाऱ्या फुमिइचिरो यामामोटो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये या जीनांची रचना उलगडली. ३५४ ॲमिनो अम्लांच्या या दोन एंझाइमांत केवळ चार ठिकाणी फरक आहे. त्यांतही २६६ व २६८ या क्रमांकांच्या जागा निर्णायक आहेत. ए एंझाइमात २६६ व्या जागी ल्यूसीन व बी एंझाइमात मिथिओनीन असते. क्ष-किरणांच्या साहाय्याने २००२ मध्ये या एंझाइमांची त्रिमितीय संरचना ठरविण्यात आली, तेव्हा या जागा खोबणीतच असल्याचे दिसून आले. मिथिओनीन अधिक जागा व्यापते, त्यामुळे ॲसिटिल गट असलेली मोठी शर्करा आत मावत नाही व साधे गॅलॅक्टोज तेवढे बसते. ए व बी या गटांतील भेद अशा रीतीने खोबणीतील थोड्याशा जागेचा भेद आहे. ओ गटात जीनाच्या मजकुरातील एक अक्षर गळालेले असते. त्यामुळे पुढचे वाचन चुकते, माळ अर्धवट तुटते व निरुपयोगी प्रथिन तयार होते.

एका ॲमिनो अम्लाचा फेर : एच प्रतिजन तयार करणाऱ्या एंझाइमाचा जीन १९९० मध्ये वेगळा करण्यात आला. तो एकोणिसाव्या गुणसूत्रावर आहे. ए-बी-ओ जीन नवव्या गुणसूत्रावर असल्यामुळे या दोहोंचा वारसा स्वतंत्रपणे चालतो, या लेव्हीन यांच्या निष्कर्षाला त्यामुळे पुष्टी मिळाली. भारतीय बाँबे गटाच्या व्यक्तींतील दोष १९९७ व १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनांतून निश्चित झाला. जीनाच्या मजकुरातील ७२५ व्या जागी थायमिनाऐवजी ग्वानीन आलेले असते. परिणामी प्रथिनाच्या २४२ व्या जागी ल्यूसिनाऐवजी आर्जिनीन बसते. ल्यूसीन पाण्यापासून दूर राहणारे, विद्युत्‌भाररहित ॲमिनो अम्ल आहे. आर्जिनीन लांब शाखेचे व धन विद्युत्‌भारित आहे. उरलेली ३६४ ॲमिनो अम्ले जशीच्या तशी असूनही एंझाइम निष्क्रिय होते. बदललेला जीन प्रयोगशाळेतील कोशिकांमध्ये घातला असता फ्युकोज बसविण्याची क्रिया होत नाही, असे दिसून आले आहे.

याच गुणसूत्रावर जवळच दुसरा एक फ्युकोसिल ट्रान्स्फरेज जीन असतो. लाळ व इतर स्रावांतील एच प्रतिजन त्याच्यामुळे तयार होतो. भारतीय बाँबे गटात हा जीनही गुणसूत्राचा तेवढा तुकडा गळाल्यामुळे नाहीसा झालेला असतो. म्हणून अशा व्यक्तींच्या लाळेतही ए, बी वा एच प्रतिजन मिळत नाहीत. हे दोन्ही दोष शेजारी असल्याने एकत्र वारशाने येतात. रेयुन्यों बेट व दक्षिण आफ्रिकेतील नाताळ येथील भारतीय वंशाच्या बाँबे गटाच्या व्यक्तींतही हीच जोडी आढळली आहे. एका पूर्वजाच्या ठायी झालेला बदल स्थलांतरितांबरोबर समुद्रापार गेला, असे यावरून अनुमान करता येते. इतर देशांतील बाँबे गटाच्या व्यक्तींत याच जीनात निराळ्या जागी बदल सापडले आहेत. परिणाम मात्र एकच, तो म्हणजे एच प्रतिजनाचा अभाव.

दात्र कोशिका रोगाशी (सिकलसेल रोगाशी) येथे तुलना करता येते. विदर्भात व सातपुड्याच्या आदिवासी भागात हा रोग बऱ्याच प्रमाणात आढळतो. त्यातही हीमोग्लोबिन या प्रथिनाच्या एका साखळीतील सहाव्या जागचे एकच ॲमिनो अम्ल बदललेले असते. हा बदल व्हर्नन इन्ग्रॅम यांनी १९५६–५७ मध्ये शोधून काढला. तेथे बदललेल्या प्रथिनाला एक नवा घातक गुण येतो. त्याचे रेणू एकमेकांना चिकटून कोशिका विळ्याच्या आकाराची होते. बाँबे गटात प्रथिनाला नवा गुण येत नाही. त्याचे नेहमीचे कार्य थांबते. म्हणून हा रोग नव्हे. अशा व्यक्तीचे आरोग्य व आयुर्मान सर्वसाधारण असते आणि रक्त चढविण्याची वेळ येईपर्यंत तिला आपल्या वेगळेपणाची जाणीवही नसते.

आनुवंशिकता व प्रसार : दोष अप्रभावी आहे, म्हणजे आई व वडील या दोघांकडूनही सदोष जीन आला, तरच बाँबे गट होतो. दोघे वाहक असतील, तर प्रत्येक अपत्यात त्याची शक्यता चारांत एक असते. भाटिया व एम. एस. साठे यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत मुंबईच्या लोकसंख्येत हे प्रमाण ७,६०० मागे १ असे आढळले. विवाह गटनिरपेक्ष होतात असे धरून हिशेब केल्यास सुमारे ४४ माणसांमागे एक वाहक येतो. त्याच हिशेबाने आते-मामे भावंडांच्या विवाहातून झालेल्या अपत्यात बाँबे गटाची शक्यता सु. १,२०० मागे १, म्हणजे सर्वसाधारण प्रमाणाच्या सहापट येते. मामाच्या मुलीशी विवाह करण्याची चाल महाराष्ट्रातील व दक्षिण भारतातील अनेक समाजांत असल्यामुळे या मुद्द्याला महत्त्व आहे. भाटिया व परळच्याच भारतीय कर्करोग संशोधन केंद्रातील एल. डी. संघवी यांनी दुर्मिळ रक्तगट व नात्यातील विवाह यांच्या संबंधाचा अभ्यास १९६२ मध्ये प्रसिद्ध केला.

पितृत्वाच्या वादात हा गट दिशाभूल करू शकतो. ‘ओ’ अशी नोंद असलेल्या दोन पालकांना ए वा बी गटाचे मूल होणार नाही, असा सर्वसाधारण नियम आहे. पण त्यांपैकी एक पालक वस्तुतः बाँबे गटाचा असेल, तर त्याच्यातील दडलेला ए वा बी जीन मुलात प्रकट होऊ शकतो. अशा वेळी केवळ प्राथमिक तपासणीवर विसंबून स्त्रीवर संशय घेणे अन्यायाचे ठरेल.

रक्ताधान व निदान : बाँबे गटाच्या रुग्णाला केवळ बाँबे गटाचेच रक्त चालते. ओ गटाच्या रक्तात एच प्रतिजन सर्वांत अधिक असल्यामुळे एरवी ‘सर्वदाता’ समजले जाणारे तेच रक्त येथे विशेष घातक होते. रुग्णाच्या शरीरातील एच-विरोधी प्रतिपिंड शरीराच्या तापमानालाही क्रियाशील असते. दिलेल्या कोशिका त्यामुळे झपाट्याने फुटतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊन मृत्यूही ओढवू शकतो. म्हणून प्राथमिक तपासणीत ‘ओ’ म्हणून झालेली चूक ही केवळ नोंदीतील चूक राहत नाही.

ही चूक टाळण्याचा उपाय साधा आहे. कोशिकांची तपासणी केल्यावर त्याच व्यक्तीचा रक्तरस माहीत असलेल्या ए, बी व ओ कोशिकांबरोबर तपासावा. ओ कोशिकांचे समूहन झाले, तर बाँबे गटाचा संशय घ्यावा. एच प्रतिजन आहे की नाही, हे युलेक्स या काटेरी झुडपाच्या बियांपासून काढलेल्या लेक्टिनाने पडताळता येते. लेक्टिने ही विशिष्ट शर्करा ओळखून तिला चिकटणारी प्रथिने होत. कोकणात व देशावर नित्य खाण्यात असलेल्या कुळथातही असे एक लेक्टिन असते व ते ए गटाच्या मुख्य उपप्रकाराच्या कोशिकांचे समूहन करते, असे जी. डब्ल्यू. जी. बर्ड यांनी १९५१ मध्ये करंट सायन्स या बंगळूरच्या नियतकालिकात नमूद केले. एकीकडे शर्करा जोडणारे व दुसरीकडे शर्करा ओळखणारे, अशा दोन्ही प्रकारच्या प्रथिनांचे कार्य त्यांच्या आकारानेच ठरते.

बाँबे गटाचा दाता शोधताना प्रथम रुग्णाच्या सख्ख्या भावंडांची तपासणी करतात. नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाचेच रक्त काढून साठविता येते. तांबड्या कोशिका ग्लिसरिनाच्या साहाय्याने गोठवून दीर्घकाळ टिकविणेही शक्य आहे. गरोदर स्त्रीचा गट आधीच नीट ठरविलेला असल्यास प्रसूतीच्या वेळची धावपळ टळते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९५७ मध्ये मुंबईत रक्तगट संदर्भ केंद्र स्थापन केले. केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था हे त्याचेच विकसित रूप आहे. विसंगत नमुन्यांची शहानिशा करणे, दुर्मिळ गटांच्या कुटुंबांची तपासणी करणे व दात्यांच्या नोंदी ठेवणे ही कामे तेथे होतात. बाँबे गटाच्या व्यक्तीच्या जीवनाची सुरक्षितता आजही मुख्यतः दोन गोष्टींवर अवलंबून आहे : ओ गट ठरविताना रक्तरसाची उलट तपासणी न चुकता होणे आणि मोजक्या दात्यांची नावे वेळेवर उपलब्ध असणे.